बोट की विमान? दोन्ही, आणि तेही टेबलावर!

यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. भारीला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसावं असं विमान काही तिथून सुटत नाही. अशा जिल्ह्यात राहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं वेड लागावं, हे जरा अतीच वाटेल. पण लागतं! आणि ते पुरवायला पायलट व्हावं लागत नाही. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा एक डबा, कटर, पॉलिश पेपर आणि दोन-तीन ब्रश, एवढ्यावर सुरुवात होते.

या छंदाला म्हणायचं सीप्लेनचं स्केल मॉडेलिंग. १:७२ हे त्यातलं सगळ्यांच्या आवडीचं माप, म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर तुमच्या मॉडेलवर एक सेंटिमीटर होतात. दुसऱ्या महायुद्धातलं कॅटलिना घ्या. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास ३२ मीटर. मॉडेल होतं ४४ सेंटिमीटरचं. हॉस्टेलचं टेबल गेलंच समजा. शिवाय रूम पार्टनरचा प्रश्न ठरलेला, ‘काहून बे, लहान पोट्ट्यावानी काय खेळून राह्यला?’

फायटर जेट सोडून सीप्लेनच का? कारण यात एकाच अंगात दोन यंत्रं असतात. कॅटलिनाचा पंख एका खांबावर उंच चढवलेला आहे आणि इंजिनं त्या पंखावर. का, तर पाण्याचे फवारे पंख्याच्या पात्यांपर्यंत जाऊ नयेत म्हणून. पाण्यात तोल सांभाळणारे दोन छोटे तरंगे उड्डाणानंतर वर दुमडतात आणि पंखांची टोकंच बनतात. आणि पोटाखाली असते एक पायरी. बोटीसारखा गुळगुळीत तळ मध्येच तुटतो. वेगात असताना पाणी तळाला चिकटून विमानाला धरून ठेवतं. या पायरीमागे हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान वर उचललं जातं. पॉलिश पेपर फिरवताना नेमकी हीच धार गोल होऊन जाते. तिला जपा. ती गेली की राहते फक्त पंख लावलेली होडी.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर थांबा. १९३८ मध्ये इम्पिरियल एअरवेजच्या उडत्या बोटी कराचीहून कोलकात्याकडे जाताना राजसमंद आणि ग्वाल्हेरच्या तलावांवर उतरायच्या. राजस्थानातलं राजसमंद! तिथे तरी कुठे समुद्र होता? ४ एप्रिल १९४२ ला श्रीलंकेच्या कोग्गला तळावरून निघालेल्या एका कॅटलिनाने हिंदी महासागरात जपानी आरमार हेरलं, पाडलं जाण्याआधी संदेश पाठवला आणि बेट सावध झालं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीवर कोडिएक सीप्लेनची चाचणी झाली, २०२० मध्ये साबरमतीवरून स्टॅच्यू ऑफ युनिटीसाठी ट्विन ऑटर सुरू झालं आणि काही महिन्यांतच थांबलं. केंद्राच्या सीप्लेन जागांच्या यादीत तर आपल्या विदर्भातली दोन धरणं आली होती, नागपूरचं खिंडसी आणि चंद्रपूरचं इरई. वणीवाल्यांना इरई म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातलंच.

आता कामाचं. किट बहुतेक वेळा ऑनलाइनच मागवावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. एअरफिक्स ही इंग्लंडची जुनी कंपनी, पण तिच्या कित्येक डब्यांवर चक्क ‘मेड इन इंडिया’ छापलेलं सापडतं. पहिलंच मॉडेल वॉलरससारखं दोन मजली पंखांचं घेऊ नका. मधल्या तारा जीव काढतात. (वॉलरसचा डिझायनर आर. जे. मिचेल, म्हणजे स्पिटफायरवालाच.) जीबलीचे चाहते असाल तर मियाझाकीच्या ‘पोर्को रोसो’तल्या लाल विमानाचंही किट येतं. मध्यंतरी जीबली फोटो सगळ्यांनीच केले, हे विमान मात्र हाताने करावं लागतं.

बाकी सामान गावातच मिळतं. मास्किंग टेप आणि बारीक पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला प्रायमर चालतो, पण आधी भाग काढून उरलेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर मारून बघा. काहींचा थिनर प्लास्टिक खातो. ती चौकट फेकू नका. तिचा तुकडा मेणबत्तीवर धरून मऊ झाला की हळूच ताणायचा, केसासारखी तार निघते. तीच विमानाची एरियल. चाकांवर उभं राहणारं मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन लागतं, त्याला मासे पकडायच्या गळाची शिशाची गोळी उत्तम.

रंगाच्या बाबतीत आपलं हवामान मोठं खट आहे. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग मॉडेलपर्यंत पोहोचायच्या आत हवेतच सुकतो आणि वाळूसारखा बसतो. पावसाळ्यात वार्निशवर पांढुरकी साय धरते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, तोंडाला मास्क लावून, पातळ पातळ थर. दोन थरांमध्ये कळ काढायची. खरं सांगायचं तर या छंदात निम्मा वेळ वाट बघण्यातच जातो, आणि अर्धवट किट पलंगाखाली सरकतात ती इथेच. रंगानंतर आधी चकचकीत वार्निश, मग पाण्यात भिजवलेले डिकल, नाहीतर त्यांच्या कडा चंदेरी दिसतात. शेवटी मॅट.

फायटर जेट जुनं दाखवायला धूर आणि तेलाचे डाग पुरतात. सीप्लेनला पाण्याची रेघ लागते. जिथवर तळ बुडतो तिथवर रंग विटलेला, वर थोडा शेवाळी पट्टा, दाराजवळ चढण्या-उतरण्याचे ओरखडे. फोटो शोधा, नाहीतर सरळ तलावावरच्या एखाद्या जुन्या होडीचा तळ बघून या.

आणि विमानाला पाणीही द्या. थर्माकोलवर टिश्यू पेपर चुरगाळून पातळ फेविकॉलने चिकटवायचा, लाटा आपोआप उठतात. रंग सुकला की वर चकचकीत वार्निश. फक्त निळा रंग उचलायची घाई नको. ऑगस्टमध्ये निळोण्याचं पाणी मातकट असतं, हिवाळ्यात हिरवट करडं. ट्विन ऑटर १:७२ मध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटरचं होतं. मातकट पाण्यावर उतरवलेलं ते पांढरं विमान काय दिसतं म्हणता!