गच्चीवरची तार आणि ४८ तास

दिवाळी तोंडावर आलेली, चकलीची भाजणी अजून दळून आणायची, आणि घरची बाई गच्चीवरच्या खोलीत हेडफोन लावून "फाइव्ह नाइन, टू टू" म्हणत बसलेली! २६ ऑक्टोबर २०२४ ला आमच्या अमरावतीच्या घरात हेच दृश्य होतं. सासूबाईंनी जिन्यातून विचारलं, "कोणासंगं बोलून राहिली वं?" म्हटलं, "जपानशी!"

हॅम रेडिओ म्हणजे हौशी माणसाचं स्वतःचं बिनतारी केंद्र. छंद मूळचा ह्यांचा. मी फक्त चहा न्यायची. मग वाटलं, चहा नेण्यापेक्षा आपणच सरकारी परीक्षा का देऊ नये? दिली, आणि माझ्या नावाचा परवाना आला.

दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरची मोठी स्पर्धा असते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते, सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. ज्याच्याशी बोलाल त्याला आवाजाचा दर्जा आणि आपल्या विभागाचा आकडा सांगायचा. भारताचा २२. दुसऱ्या खंडातलं केंद्र मिळालं तर ३ गुण, आपल्याच खंडातला दुसरा देश असेल तर १, आणि आपल्याच देशातल्याशी बोललात तर शून्य!

आता आमची सामग्री ऐका. शंभर वॅटचा सेट, आणि १० मीटर बँडसाठी गच्चीवर ताणलेली जेमतेम ५ मीटर तार, म्हणजे पाचवारी वाळत घातल्यासारखीच. समोरच्यांकडे उंच मनोरे आणि दीड हजार वॅट. पण त्या वर्षी सूर्यावरचे डाग भरात होते. तसं असलं की हा बँड खुलतो आणि थोड्या शक्तीतही आवाज दूर जातो.

लहान केंद्रानं ओरडून काही होत नाही, बरं का. आधी ऐकायचं. पलीकडचा कोणत्या लयीत बोलतो, सगळे एकदम तुटून पडल्यावर कुठे क्षणभर शांत होतं, ते हेरायचं आणि त्या फटीत आपली कॉल साइन एकदाच, स्वच्छ म्हणायची. अक्षर चुकीचं टिपलं तर तो संपर्क जातोच, वर गुण कापले जातात.

शनिवारी संध्याकाळी युरोप रंगात आलेला आणि कानात एकदम खरखर! शेजारच्या दिव्यांच्या माळेचा प्रताप. गेले, विनवलं, तासभर माळ बंद करून घेतली. बदल्यात चकल्या कबूल केल्या. रविवारी मात्र न सांगता पाहुणे आले नि दुपारचे दोन तास गेले. चरफडले, पण कांदेपोहे केलेच.

दोन दिवस स्वतःसाठी मागताना मला लाज वाटली होती, हे खरं सांगते. "काय उपयोग याचा?" असंही ऐकलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद हॅम रेडिओसाठीच पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, तेव्हा त्यांच्याच रेडिओवरून लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळत होती. कान तयार असला तर अशा वेळी कामी येतो.

अकोल्याहून आलेल्या नणंदबाईंनी चकल्यांचा घाणा सांभाळला, म्हणून माझे ११२ संपर्क झाले. परत जाताना त्या माझं परीक्षेचं पुस्तक पिशवीत घालून घेऊन गेल्या.