ज्याचे मनगट, त्याची नोंद

मनगटी घड्याळ हे मूलतः निरुपद्रवी यंत्र. वेळ किती झाली एवढेच ते सांगे. घालणाऱ्याची वेळ कशी गेली याची चौकशी त्याने कधी केली नाही. एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला मनगटी घड्याळे बनविण्यास प्रारंभ केला आणि पुढे ‘जनता’सारखी किल्लीची घड्याळे लक्षावधी मनगटांवर विसावली. त्या घड्याळाशी मालकाचा व्यवहार सरळ होता. रोज किल्ली द्यावी, बिघडल्यास पेठेतल्या कारागिराकडे न्यावे, त्याने डोळ्याला भिंग लावून ते उघडावे आणि दुरुस्त करून द्यावे. कारखान्याशी पुन्हा संबंध येण्याचे कारण नसे. एचएमटीचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. परंतु त्यामुळे कोणाच्या मनगटावरचे घड्याळ थांबले नाही.

आजच्या स्मार्ट घड्याळाची गोष्ट निराळी आहे. ते नाडीचे ठोके मोजते, पावले मोजते, निद्रेचा हिशेब ठेवते, रक्तातील प्राणवायूचा अंदाज करते, कोणत्या रस्त्याने फिरणे झाले हे नोंदवते आणि मोबाईलवर आलेला निरोप वाचून दाखविते. स्त्रियांच्या मासिक पाळीची नोंदही त्यात ठेवता येते. वैद्यालाही क्वचितच सांगितले जाईल असे पुष्कळ काही हे यंत्र न विचारता टिपत असते. म्हणूनच असे घड्याळ विकत घेताना तबकडी केवढी, पट्टा कसा आणि किंमत किती या प्रश्नांच्या आधी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: टिपलेली ही माहिती जाते कोठे आणि तिच्यावर सत्ता कोणाची चालते?

तीन मुक्काम

या माहितीच्या प्रवासाचे तीन मुक्काम असतात. पहिला मुक्काम घड्याळाचा. तेथे संवेदक शरीराचे संकेत टिपतात. दुसरा मोबाईलमधील आज्ञावलीचा. घड्याळातील नोंद ब्लूटूथच्या मार्गाने तेथे उतरते. तिसरा मुक्काम कंपनीच्या दूरस्थ सर्व्हरचा. ग्राहकाचा ताबा पहिल्या मुक्कामावर थोडाफार असतो, दुसऱ्यावर त्याहून कमी आणि तिसऱ्यावर जवळजवळ नसतोच. बहुसंख्य कंपन्यांची रचना अशी असते की, खाते उघडल्यावाचून आणि माहिती तिसऱ्या मुक्कामाला धाडल्यावाचून घड्याळाचा पुरता उपयोगच करता येऊ नये. नाडी मनगटावर, मोबाईल खिशात, आणि तरीही एकाची नोंद दुसऱ्याने पाहावी यासाठी ती समुद्रापार जाऊन यावी, याला तांत्रिक अपरिहार्यता म्हणता येत नाही. तो व्यापाराचा सोयीस्कर बेत आहे.

या बेताचे परिणाम काय होतात हे दाखविणारी उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावा या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या सभासदांच्या भ्रमंतीचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. नावे वगळली होती, सारे काही निनावी होते. पण जानेवारी २०१८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिले की, ओसाड वाळवंटात उजळून दिसणाऱ्या रेषा या लष्करी तळांवरील सैनिकांच्या धावण्याच्या वाटा होत. त्याच वर्षी पोलार कंपनीच्या सेवेतील नोंदींवरून सैनिकांची व गुप्तचरांची नावे आणि राहती घरेही शोधता येतात असे पत्रकारांनी उघड केले. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, तेव्हा जगभरच्या ग्राहकांना काही दिवस स्वतःच्याच नोंदींपर्यंत पोहोचता येईना. माहिती एका ठिकाणी साचली की ती फुटू शकते, अडू शकते आणि विकलीही जाऊ शकते.

विक्रीचे उदाहरण फिटबिटचे. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये ही कंपनी २.१ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला. ज्यांनी फिटबिटवर विश्वासून आपल्या आरोग्याची नोंद तिच्या स्वाधीन केली होती, त्यांची वही एका जाहिरात-सम्राटाच्या घरी गेली. ही माहिती जाहिरातींसाठी वापरू नये अशी दहा वर्षांची अट युरोपीय आयोगाने घातली हे खरे. परंतु आयोगाचे ते बंधन युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरते आहे. भारतीय ग्राहकाच्या वाट्याला कंपनीचे आश्वासन तेवढे येते.

पेबलचा धडा

खुल्या आज्ञावलीचे महत्त्व काय, हे पेबल या घड्याळाच्या कहाणीइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. एरिक मिगिकोव्हस्की या तरुण उद्योजकाने २०१२ साली लोकवर्गणीचे आवाहन केले, तेव्हा सुमारे ६९ हजार लोकांनी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी करून दिली. साधा पडदा, दीर्घकाळ टिकणारी बॅटरी आणि नेमके काम यामुळे घड्याळ लोकप्रिय झाले. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी मोडीत निघाली, तिची मालमत्ता फिटबिटने घेतली आणि ३० जून २०१८ रोजी पेबलच्या सेवा बंद झाल्या. घड्याळे धडधाकट होती. ज्या सर्व्हरवर ती विसंबून होती तो तेवढा नाहीसा झाला. एचएमटीचे घड्याळ कारखान्यामागे जगले, पेबलचे घड्याळ मात्र कंपनीबरोबर सती जाण्याची वेळ आली.

ते वाचले ते हौशी कारागिरांच्या चिकाटीमुळे. ‘रेबल’ नावाने एकत्र आलेल्या स्वयंसेवकांनी पर्यायी सेवा उभी केली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलच्या कार्यप्रणालीचा बराचसा मूलपाठ खुला केला आणि त्याच वर्षी मूळ संस्थापकाने तिच्यावर चालणारी नवी घड्याळे बाजारात आणली. ज्या यंत्राची घडण सर्वांसमोर मांडलेली असते, ते एका मालकाच्या मर्जीवर किंवा दिवाळ्यावर अवलंबून राहत नाही, हा यातील धडा.

प्रारंभापासूनच खुली असलेली घड्याळेही आहेत. पाइन६४चे ‘पाइनटाइम’ बाजारात आले तेव्हा त्याची किंमत सुमारे २७ डॉलर होती. त्याची कार्यस्मृती अवघी ६४ किलोबाइट, पण त्यावरील ‘इन्फिनिटाइम’ ही आज्ञावली स्वयंसेवकांनी लिहिलेली असून कोणासही वाचता व बदलता येते. ब्रिटनमधील गॉर्डन विल्यम्स यांचे ‘बँगल.जेएस’ यापुढे जाते. त्यात स्थाननिर्देशक आणि नाडीमापक आहेत, आणि जावास्क्रिप्टची जुजबी ओळख असलेला विद्यार्थीही त्यासाठी स्वतःचे उपयोजन लिहू शकतो. या दोहोंनाही खाते उघडावे लागत नाही.

निवडीचे निकष

तथापि ‘खुले’ या शब्दाचा मंत्रासारखा जप करून भागणार नाही. मूलपाठ खुला असणे आणि खासगीपण राखले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खुल्या आज्ञावलीनेही माहिती बाहेर धाडता येते. फरक एवढाच की, ती तसे करते किंवा कसे हे जाणकाराला तपासता येते आणि नको तो भाग काढून टाकता येतो. शिवाय या घड्याळांच्या मर्यादाही मोकळेपणाने मान्य केल्या पाहिजेत. त्यांचे नाडीमापन मोठ्या कंपन्यांच्या महागड्या घड्याळांइतके भरवशाचे नाही, ती परदेशातून मागवावी लागतात, आणि हृदयविकाराच्या रुग्णाने त्यांच्यावर विसंबणे शहाणपणाचे ठरणार नाही. ज्याला वैद्यकीय कारणासाठी घड्याळ हवे, त्याची निवड त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावयास हवी.

सामान्य ग्राहकासाठी एक मधला मार्ग आहे आणि तो अधिक व्यवहार्य आहे. ‘गॅजेटब्रिज’ ही अँड्रॉइड मोबाईलवरील मुक्त आज्ञावली अनेक परिचित कंपन्यांच्या घड्याळांशी थेट बोलते. इंटरनेट वापरण्याची परवानगी ती मूळ स्वरूपात मागतच नाही. त्यामुळे नोंद मोबाईलमध्येच राहते. म्हणजे पहिला मुक्काम कंपनीचा असला तरी दुसरा ग्राहकाचा होतो आणि तिसरा गळून पडतो. यातही अडचणी आहेत: काही घड्याळांची जोडणीची किल्ली मिळविण्यासाठी एकदा तरी कंपनीच्या दारात जावे लागते, आणि आयफोनधारकांना हा मार्ग उपलब्ध नाही. तेव्हा घड्याळ आधी घेऊन मग उपाय शोधण्यापेक्षा, गॅजेटब्रिजच्या यादीत नाव पाहून घड्याळ घेणे श्रेयस्कर. खाते न उघडता ते चालते काय, नोंद स्वतःजवळ उतरवून घेता येते काय, आणि कंपनी उद्या बुडाली तर त्याचे काय होईल, हे तीन प्रश्न दुकानातच विचारावयास हवेत.

‘लपविण्यासारखे काही नाही, मग भीती कशाची?’ असा प्रतिप्रश्न नेहमी केला जातो. अमेरिकेतील जॉन हॅनकॉक या विमा कंपनीने २०१८ साली असे ठरविले की, यापुढे आयुर्विम्याचा प्रत्येक करार आरोग्यनोंदीच्या योजनेशी जोडलेलाच विकावयाचा. नोंद देणे ऐच्छिक आणि देणाऱ्याला सवलत, असे तिचे स्वरूप होते. परंतु आजची सवलत ही उद्याची अट होण्यास फार काळ लागत नाही, आणि मग नोंद न देणारा आपोआप संशयित ठरतो.

ज्यांना निवड नाही

याहून गंभीर प्रश्न ज्यांना निवड करण्याची मुभाच नाही त्यांचा आहे. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. हजेरी आणि कामाची हद्द तपासणे हा हेतू. देशातील इतर काही शहरांनी तोच कित्ता गिरविला. चंदीगढमध्ये २०२० साली कामगारांनी याविरुद्ध निदर्शने केली. कामचुकारपणाला आळा बसावा ही अपेक्षा गैर नाही. पण शहराची घाण उपसणाऱ्या माणसाला हातमोजे आणि गमबूट वेळेवर मिळाले की नाही याची नोंद ठेवणारे घड्याळ कोणी कोणाच्या मनगटावर बांधल्याचे ऐकिवात नाही. नजर नेहमी वरून खालीच जाते. सुखवस्तू ग्राहकाला घड्याळ काढून ठेवता येते; त्या कामगाराला ते काढल्यास हजेरीला मुकावे लागते.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. परंतु आरोग्यविषयक माहितीला विशेष संरक्षण देणारा वेगळा वर्ग या कायद्यात नाही आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट त्यात मोकळी ठेवली आहे. म्हणजे जेथे संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तेथेच भिंतीला खिंडार आहे.

म्हणूनच खुले घड्याळ हा केवळ संगणकवेड्यांचा छंद समजणे चूक ठरेल. नोंद घालणाऱ्याच्या ताब्यात ठेवणारे घड्याळ बनविता येते, आणि तेही स्वस्तात, हे मूठभर कारागिरांनी सिद्ध केले आहे. ‘तंत्रज्ञानाला दुसरा मार्गच नाही’ ही सबब त्यामुळे निकालात निघाली. महापालिकांनी सार्वजनिक पैशातून घड्याळे घेताना, ती काय टिपतात हे तपासण्याचा अधिकार कामगार संघटनांना असावा आणि पाळी संपताच नोंद थांबावी, एवढी अट निविदेत घालणे अशक्य नाही. ग्राहकाने स्वतःसाठी विचारावयाचे प्रश्न लोकप्रतिनिधींनी कामगारांसाठी विचारले, तरच खासगीपणाचा हक्क पैसेवाल्यांची चैन न राहता खऱ्या अर्थाने नागरिकाचा हक्क ठरेल.