ग्रंथांची देवघेव

बँकेच्या एका शाखेत खाते असलेल्या ग्राहकाला आज देशातील अन्य शाखेतून व्यवहार करता येतो. दुसऱ्या बँकेच्या एटीएममधूनही पैसे काढता येतात. त्यासाठी बँकांनी आपापल्या तिजोऱ्या एकत्र केल्या नाहीत. परस्परांचे व्यवहार मान्य करणारी व्यवस्था तेवढी उभारली. ग्रंथालयांच्या सहकार्यामागेही हाच विचार आहे.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, ही अपेक्षा तीत आहे. परंतु कोणतेही ग्रंथालय कितीही संपन्न असले, तरी ते सर्व ग्रंथ खरेदी करू शकत नाही. एका ठिकाणी वाचक ग्रंथासाठी ताटकळतो, तर दुसऱ्या ठिकाणी तोच ग्रंथ वाचकाअभावी कपाटात धूळ खात पडतो.

ही दरी सांधण्यासाठी जानेवारी १९८८ मध्ये नवी दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये ‘डेलनेट’चा आरंभ झाला. १९९२ मध्ये तिची संस्था म्हणून नोंदणी झाली. प्रारंभी दिल्लीपुरते असलेले हे जाळे पुढे देशभर विस्तारले. विद्यापीठे, महाविद्यालये, संशोधन संस्था आणि शासकीय विभाग अशी भिन्न प्रकृतीची ग्रंथालये त्यात सहभागी झाली.

या व्यवस्थेचा पाया म्हणजे संघ तालिका, अर्थात सदस्य ग्रंथालयांतील ग्रंथांची एकत्रित सूची. वाचक आपल्या ग्रंथपालाकडे मागणी नोंदवतो. ग्रंथ कोठे आहे हे सूचीवरून कळते आणि तो कुरिअरने वाचकाच्या ग्रंथालयात येतो. ग्रंथ सुस्थितीत व मुदतीत परत करण्याची जबाबदारी त्या ग्रंथालयाची असते. म्हणजेच अपरिचित वाचकासाठी त्याचे ग्रंथालय जामीन राहते. संगणकाने शोध सुलभ केला, तरी हा व्यवहार चालतो तो विश्वासावरच.

नियतकालिकांच्या बाबतीत याहून मोठे पाऊल उचलले गेले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेस मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना एकत्रित वर्गणीतून उपलब्ध होतात.

तथापि, ही योजना संस्थांसाठी आहे. गावच्या वाचनालयातील सामान्य वाचक तिच्या कक्षेबाहेरच राहतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे ग्रंथालय चळवळ खेडोपाडी पोहोचली आणि हजारो वाचनालयांना शासनमान्यता मिळाली. मात्र वाचनालयातील ग्रंथांची नोंद दाखल नोंदवहीपुरतीच राहिली, तर शेजारच्या गावालाही त्यांचा पत्ता लागत नाही. त्याच गावातील महाविद्यालयाच्या समृद्ध ग्रंथालयाचे दार नागरिकांसाठी उघडे असतेच असे नाही.

येथे मोठ्या भांडवलाची गरज नाही. वाचनालय, शाळा आणि महाविद्यालय यांनी आपापल्या सूची एकत्र केल्या, खरेदीपूर्वी परस्परांशी विचारविनिमय केला आणि एकमेकांच्या सभासदांची हमी स्वीकारली, तर तुटपुंज्या अनुदानातही वाचकाला कितीतरी अधिक ग्रंथ मिळू शकतील. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाला शहर गाठावे लागणार नाही. निवृत्त शिक्षकाला हवा असलेला संदर्भ गावातच सापडेल.

पैसा फिरता राहिला तरच अर्थव्यवस्था चालते. ग्रंथाचेही तसेच आहे. तो एका कपाटातून दुसऱ्या गावच्या वाचकाच्या हाती जातो, तेव्हाच त्याच्यावर झालेला खर्च खऱ्या अर्थाने सार्थकी लागतो.