लहान मुलाचा भूल देऊन एमआरआय: आदल्या रात्रीपासून घरी परतेपर्यंत अम्मी-अब्बूंनी काय करायचं?

मुलाला फिट आली, वय वाढूनही ते बोलत नाही, चालताना तोल जातो. कारण कुठलंही असो, डॉक्टर कागदावर ‘एमआरआय ब्रेन, भूल देऊन’ असं लिहितात आणि घरातलं वातावरणच बदलतं. एमआरआयची एवढी धास्ती कुणी घेत नाही, धास्ती असते ती ‘भूल’ या शब्दाची. ऑपरेशन नाही, टाके नाहीत, मग एवढ्याशा जिवाला बेशुद्ध कशाला करायचं, हा प्रश्न दादी-नानी आधी विचारतात. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घराला मिळायला हवं.

एमआरआय म्हणजे एक्स-रे नव्हे. त्यात किरणोत्सर्ग नसतो, एक प्रचंड शक्तीचं चुंबक असतं. तपासणी साधारण अर्धा-पाऊण तास चालते, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ डोकं जराही हलता कामा नये, नाहीतर चित्र पुसट येतं. बोगद्यासारखी अरुंद जागा आणि ठकठक-घरघर असा कानठळ्या बसवणारा आवाज. तीन वर्षांचं मूल तिथे स्थिर झोपणार कसं? सीटी स्कॅन काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत उरकतो, म्हणून तिथे बऱ्याचदा भुलेची गरज पडत नाही. अगदी तान्ह्या बाळाला दूध पाजून, गुंडाळून, झोपेतच एमआरआय करतात. सात-आठ वर्षांचं समजूतदार मूल कानाला हेडफोन लावून जागेपणी करून घेतं. अडचण मधल्या वयाची आहे.

कुठे करायचं, आधी काय विचारायचं

आकुर्डीतलं महापालिकेचं कुटे रुग्णालय, संत तुकाराम नगरचं वायसीएम, मोहननगरचं ईएसआयसी रुग्णालय, नाहीतर एखादं खासगी सेंटर, आपल्या भागातली कुटुंबं साधारण यांतलं जवळचं ठिकाण गाठतात. पण मशीन आहे म्हणजे लहान मुलाला भूल देण्याची सोय आहे, असं नसतं. बऱ्याच सेंटरवर भूलतज्ज्ञ ठरलेल्या दिवशीच येतात. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा: लहान मुलांना भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतील का? तपासणीनंतर मूल शुद्धीवर येईपर्यंत ठेवायला जागा आणि नर्स आहे का? उत्तर गोलमोल आलं, तर आपल्या बालरोगतज्ज्ञांशी बोलून दुसरं ठिकाण बघा. पाचशे-हजार रुपये वाचवायची ही जागा नाही.

खर्चाचंही आधीच बघावं. चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कंपन्यांत ज्यांचा महिन्याचा पगार २१ हजार रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या ईएसआयच्या हक्कात मुलंही येतात. मात्र आधी ईएसआयमधून रेफरल घ्यायचं असतं. बाहेर पैसे भरून मग पावती घेऊन धावलात, तर हेलपाटे नशिबी येतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही तपासणी बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रालाच विचारावं.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका

तपासणीआधी भूलतज्ज्ञ मुलाला बघतात. लोक याला ‘फिटनेस’ म्हणतात. इथे दोन गोष्टी हमखास दडवल्या जातात. एक म्हणजे सर्दी-खोकला. तारीख पुढे जाईल या भीतीने आई म्हणते, ‘थोडंसं नाक वाहतंय, बाकी काही नाही.’ पण सर्दी झालेल्या मुलाचा श्वासमार्ग भुलेखाली चटकन आकसू शकतो. तातडीची तपासणी नसेल, तर दोन-तीन आठवडे थांबणं शहाणपणाचं आणि तो निर्णय डॉक्टरांचा.

दुसरी गोष्ट खानदानातली. कुणाला भूल दिल्यावर शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता का, अचानक खूप ताप चढला होता का, कुणी टेबलावर दगावलं होतं का? असे काही दोष आनुवंशिक असतात. ज्या घरांत चुलत-मामे नात्यात लग्नं झाली आहेत, तिथे असा दोष आई आणि वडील दोघांकडून मुलात उतरण्याची शक्यता वाढते. यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांना फक्त माहिती हवी असते, म्हणजे ते औषध बदलतात.

मुलाच्या डोक्यात शंट असेल, कानात कॉक्लियर इम्प्लांट असेल, जुन्या ऑपरेशनचा धातू शरीरात असेल, तर त्याची फाइल सोबत न्या. फिटचं औषध चालू असेल, तर उपाशी राहायचं म्हणून ते परस्पर चुकवू नका. घोटभर पाण्यासोबत कधी द्यायचं, ते विचारून घ्या.

हा रोजा नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ उपाशी ठेवण्यावरून होतो. भूल दिली की खोकण्याची, ठसका लागण्याची नैसर्गिक क्षमता थांबते. पोटात अन्न असेल आणि ते वर आलं, तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. नियम आहे तो एवढ्यासाठी. साधारण हिशेब असा: जेवण, बिस्कीट आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, अंगावरचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. हल्ली अनेक भूलतज्ज्ञ पाणी १ तास आधीपर्यंतही चालवतात. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळ शेवटची धरा.

काही घरांत उलट टोक गाठलं जातं. सकाळी दहाची तपासणी आणि मूल आदल्या संध्याकाळपासून कोरडं. गरज नसताना पोर कळवळतं, अंगातलं पाणी कमी होतं आणि मग सुई लावायला शीर सापडत नाही. दहाची वेळ असेल, तर पहाटे चारपर्यंत दूध चालतं. सेहरीला उठायची सवय असलेल्या घराला हे काही जड नाही. मुलाला उठवून दूध पाजा, पुन्हा झोपवा. अंगावरचं पिणाऱ्या बाळाला सहापर्यंत पाजता येतं आणि पाणी आठपर्यंत.

चहात दूध असतं, म्हणून तो दुधातच धरायचा. खजूर हे अन्न आहे, अर्धा असला तरी. दम केलेलं पाणी आणि जमजम हे पाणीच आहे, त्यामुळे पाण्याच्या वेळेत खुशाल द्या, वेळ संपल्यावर एक घोटही नाही. आणि समजा दादीला राहवलं नाही, तिने रडणाऱ्या नातवाच्या हातात पार्ले बिस्कीट दिलं, तर आत जाण्याआधी ते सांगून टाका. फार तर तपासणी काही तास पुढे ढकलतील. न सांगितलं, तर धोका मुलाच्या जिवाला. दादीला रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

तावीज, पिना आणि चुंबक

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात एक तरुण नातेवाईक रुग्णासोबत एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन गेला. चुंबकाने सिलिंडर खेचलं आणि त्यात त्याचा जीव गेला. मशीन बंद असल्याचं सांगण्यात आलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं होतं. पण एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही, रात्रंदिवस चालूच असतं. म्हणून दाराबाहेर कर्मचारी खिसे तपासतात, तेव्हा वैतागू नका.

आपल्या घरांत काही गोष्टी खास लक्षात ठेवाव्या लागतात. मुलाच्या गळ्यातला किंवा दंडातला तावीज बहुधा पत्र्याच्या डबीत असतो. कापडात शिवलेला असला, तरी आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. तो काढून अब्बूंच्या हातात द्यावा, अब्बू दाराबाहेरच बसलेले असतात. चांदीचे वाळे, कानातले, कमरेची साखळीही काढा. जरीचे कपडे नकोत, जरीतला धातू तापू शकतो. सुती, बिनबटणाचा साधा कपडा बरा. डोळ्यांत सुरमा घालू नका. त्यातल्या कणांनी डोळ्यांजवळचं चित्र बिघडू शकतं. नुकतीच ईद किंवा लग्न झालेलं असेल आणि बोटांवर गडद मेंदी असेल, तर सांगा. बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन मोजतात, तो कधी कधी मेंदीमुळे चुकीचा आकडा दाखवतो. मग चिमटा दुसरीकडे लावता येतो.

मुलासोबत आत जाणाऱ्या अम्मीने स्वतःकडेही बघावं. स्कार्फच्या टाचण्या, बुरख्याची हुकं आणि हल्ली मिळतात ते हिजाबचे छोटे चुंबक तर अजिबात नकोत. आदल्या रात्रीच बिनपिनांचा, नुसता ओढून घ्यायचा स्कार्फ काढून ठेवा, म्हणजे दारात सगळ्यांसमोर पिना काढायची वेळ येत नाही. कपडे बदलावे लागले, तर आडोसा आणि महिला कर्मचारी मागा, त्यात संकोच कसला? अम्मी गरोदर असेल, तर तसं सांगून अब्बू किंवा खालाला आत पाठवावं.

मुलाला काय सांगायचं?

खरं सांगायचं. ‘चल, फिरायला जाऊ’ म्हणून रिक्षात बसवलं आणि उतरवलं रुग्णालयात, की त्या पोराचा तुमच्यावरचा भरवसा जातो. पुढच्या लसीला, पुढच्या डॉक्टरला ते दुप्पट किंचाळतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलेलं पुरतं. आठवडाभर आधी सांगितलं, तर ते आठवडाभर घाबरतं.

शब्द साधे ठेवा. ‘डोक्याचा फोटो काढायचा आहे. मशीन मोठा आवाज करते. डॉक्टर एक औषध देतील, त्याने झोप येईल. ही रात्रीसारखी झोप नाही, औषधाची झोप आहे. फोटो झाला की औषध संपतं आणि तू उठतोस.’ हा फरक सांगणं गरजेचं आहे, नाहीतर काही मुलं नंतर रात्री झोपायलाच घाबरतात. सुई टोचणार असेल, तर ‘काही होत नाही’ म्हणू नका. ‘थोडंसं दुखेल, मी हात धरून ठेवीन’ म्हणा. हात बधिर करणारं मलम तासभर आधी लावता येतं, ते मागा. पलंगाखाली चादर लावून बोगदा करा, बाहुलीचा ‘फोटो’ काढा, मोबाइलवर एमआरआयचा आवाज ऐकवा. रोज झोपताना मूल जी दुआ म्हणतं, तीच तिथेही त्याच्यासोबत म्हणा. ओळखीच्या गोष्टीने मूल सावरतं.

अनेक ठिकाणी झोप लागेपर्यंत घरचं एक माणूस आत थांबू देतात. ते माणूस कोण, हे मानावर ठरवू नका, जो शांत राहू शकेल तो जावा. कारण दिसणारं दृश्य आईला हादरवणारं असतं. मास्कचा वायू असो वा सलाइनमधलं दुधासारखं पांढरं औषध, मूल काही क्षणांत एकदम सैल पडतं. डोळे वर जातात, हातपाय थोडे झटके देतात, घोरल्यासारखा आवाज येतो. आधी माहीत नसेल, तर ‘माझं लेकरू गेलं’ असंच वाटतं. हे सगळं नेहमीचं आहे. मुका घ्या आणि बाहेर या. भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ त्याचा श्वास, ठोके आणि ऑक्सिजन बघत असतात.

मेंदूवर परिणाम होतो का?

सात देशांतल्या ७२२ तान्ह्या बाळांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. ऑपरेशनसाठी साधारण तासाभराची पूर्ण भूल घेतलेली आणि फक्त कमरेखालचा भाग बधिर केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर त्यांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलेबद्दल. एका एमआरआयची भूल त्यात बसत नाही. मात्र पुन्हा पुन्हा स्कॅन सांगितले जात असतील, तर प्रत्येक वेळी ‘आता खरंच गरज आहे का?’ हे विचारा.

उठल्यावर आणि घरी

काही मुलं शांत उठतात. काही मात्र जागं होताना जोरजोरात रडतात, लाथा मारतात, आईलाही ओळखत नाहीत. हे दहा मिनिटं, कधी अर्धा तास चालतं आणि आपोआप ओसरतं. त्याला हलवून-हलवून विचारू नका, धरून बसा, हळू आवाजात बोला. नर्सने सांगितल्यावर आधी पाण्याचे घोट, ते पोटात टिकलं की हलकं काहीतरी. बिर्याणी दुसऱ्या दिवशी.

परतताना मूल दुचाकीवर मध्ये बसवून आणू नका. झोपाळलेली मान पुढे पडली, तर श्वास अडतो. रिक्षा किंवा गाडी करा आणि सोबत दोन मोठी माणसं असू द्या, एकाने फक्त मुलाकडे बघायचं. अब्बूंची दुसरी पाळी असेल, तर त्या दिवशी सुट्टीच टाकावी. दिवसभर जिने, सायकल, गच्ची बंद. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांनाही उद्या बोलवा.

उलट्या थांबत नसतील, मूल हलवूनही नीट जागं होत नसेल, श्वास घेताना आवाज येत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर फोनाफोनी करत बसू नका, जवळच्या रुग्णालयात तातडीने न्या. बाकी रिपोर्टला एक-दोन दिवस लागू शकतात. स्कॅनच्या खोलीतल्या टेक्निशियनला ‘काय निघालं?’ विचारून उपयोग नाही, तो सांगणार नाही. सीडी आणि फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात, तर जुनं चित्र दाखवता येईल आणि कदाचित पुन्हा भूल द्यावी लागणार नाही.