फिरोजाची अंगठी: खडा नेहमी शेवटी का बसवतात?

आमच्या अब्बांच्या बोटात चांदीची एक अंगठी असायची, आकाशी रंगाच्या फिरोजाची. ती त्यांना दादाजानकडून मिळाली होती. अब्बांच्या इंतकालनंतर ती माझ्या भावाकडे आली, पण त्याच्या बोटाला लहान पडली. 'जरा मोठी करून द्या,' म्हणून त्याने ती बाजारातल्या एका कारागिराकडे दिली. दुसऱ्या दिवशी अंगठी मापाची होऊन आली, पण खडा मातकट तपकिरी झाला होता आणि त्याला मधोमध तडा गेला होता. कारागिराने खडा न काढताच छल्ल्याला आच दिली होती.

चूक त्याची होतीच, पण 'आधी खडा काढा' एवढं सांगायला आम्हालाही माहीत नव्हतं. उमरा, जियारत किंवा वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून अशा अंगठ्या आपल्या बऱ्याच घरांत आहेत. म्हणून ही अंगठी कशी घडते, हे समजून घेणं बरं.

खडा कुठला, कसला?

फिरोजाला मराठीत पेरोज म्हणतात. आपला 'पिरोजी' रंग याच घराण्यातला शब्द. मूळ फारसी शब्दाचा अर्थ विजयी. सर्वांत नावाजलेला फिरोजा इराणच्या खोरासान भागातल्या निशापूरचा. हे शहर आपल्याला वेगळ्या कारणाने ओळखीचं आहे. 'सहीह मुस्लिम'चे संकलक इमाम मुस्लिम निशापूरचेच, फरीदुद्दीन अत्तार आणि उमर खय्यामही तिथलेच. शहराजवळच्या डोंगरातल्या खाणींतून शेकडो वर्षांपासून हा खडा निघतो. अल-बिरूनीने रत्नांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आहे.

विज्ञानाच्या भाषेत फिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं फॉस्फेट, आणि त्यात बांधलेलं पाणी. निळा रंग तांब्यामुळे येतो, लोहाचं प्रमाण वाढलं की खडा हिरवट दिसतो. कठीणपणाच्या दहाच्या मापात हा पाच-सहापर्यंतच जातो, अकीक मात्र सातच्या आसपास. शिवाय त्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून तेल, घाम, अत्तर आत मुरतं. जास्त आच लागली तर आतलं पाणी उडतं आणि रंगही जातो. अब्बांच्या खड्याचं हेच झालं.

इराणी व्यापारी डाग नसलेल्या एकसारख्या निळ्या खड्याला 'अजमी' म्हणतात, काळ्या-तपकिरी रेषांची जाळी असलेल्याला 'शजरी'. शजर म्हणजे झाड, त्या रेषा फांद्यांसारख्या दिसतात म्हणून.

अंगठी घडते कशी?

निशापूरजवळच्या मशहद शहरात इमाम रजा यांचा रौजा आहे. तिथे येणारे जायरीन फिरोजाच्या अंगठ्या आवर्जून नेतात. शिया परंपरेत अकीक आणि फिरोजाला खास मानही आहे.

हाताने काम करणारा कारागीर आधी खडा पाहतो आणि त्याच्या मापाने चांदी घडवतो. शुद्ध चांदी फार मऊ असते, म्हणून हजार भागांत ९२५ भाग चांदी आणि बाकी बहुधा तांबं घेतात. शुद्ध चांदी सुमारे ९६२ अंशांना वितळते, हे मिश्रण त्याच्या थोडं आधी. मुशीत वितळलेला धातू साच्यात ओतायचा, गार झाला की ऐरणीवर ठोकून पट्टी करायची. ठोकता ठोकता चांदी कडक होते, म्हणून मधूनमधून तापवून मऊ करावी लागते. घाई केली तर पट्टी चिरते.

पट्टी वळवून छल्ला होतो. पातळ पत्र्याची पट्टी खड्याभोवती गुंडाळून माप घेतात, तिचं कोंदण होतं. छल्ला आणि कोंदण टाकणखार लावून झाळतात. मग सौम्य आम्लाच्या पाण्यात काळपटपणा काढायचा, कानस फिरवायची, नक्षी कोरायची, चमक आणायची.

खडा वेगळा घासून होतो, चाकावर पाणी सोडत, म्हणजे तो तापत नाही. त्याला हिऱ्यासारखे पैलू पाडत नाहीत, घुमटासारखा गोलाकार देतात. आगीचं आणि आम्लाचं सगळं काम संपलं की मगच तो कोंदणात ठेवतात आणि भोवतीची पातळ चांदी हलक्या हाताने दाबत आत वळवतात. एका बाजूने दाबलं की लगेच समोरच्या बाजूने, नाहीतर खडा कलतो. चांदी मजबूत, खडा नाजूक, म्हणून कामाचा सगळा क्रम खडा ठरवतो.

घेताना काय पाहायचं?

बाजारात फिरोजा म्हणून रंगवलेले हाऊलाइट आणि मॅग्नेसाइट हे पांढरे दगड सर्रास विकले जातात. फिरोजाची भुकटी राळेत घट्ट करून केलेले खडेही मिळतात. रंग अगदी एकसारखा, मोठा खडा आणि किंमत मातीमोल असेल तर सावध व्हा. खात्री हवी असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा दाखला घ्या. तापलेली सुई टोचून बघण्याचा प्रयोग घरी करू नका, खरा खडा खराब होईल. चांदीवर ९२५चा छाप आणि हॉलमार्क पाहा. 'जर्मन सिल्व्हर'मध्ये चांदी अजिबात नसते.

दीनच्या बाजूने

पुरुषांना सोनं मना आहे, चांदीची अंगठी जायज. नबी करीम (स.) यांची मोहोरेची अंगठी चांदीचीच होती, हे हदीसमध्ये आहे. हनफी मसलकात पुरुषाच्या अंगठीची चांदी एक मिस्कालपेक्षा, म्हणजे सुमारे ४.३७ ग्रॅमपेक्षा कमी असावी असं सांगतात. कोकणातल्या शाफई घरांत रिवाजाप्रमाणे, इसराफ न करता, असा हिशोब असतो. आपल्या आलिमांना विचारून घ्या. अंगठी घट्ट असेल तर वुजूत ती फिरवून खाली पाणी पोचवायला हवं. आणि नफा-नुकसान अल्लाहच्या हाती, खड्याच्या नाही, हे मुलांनाही सांगायला हवं.

जपायची कशी?

भांडी घासताना, स्वयंपाक करताना, अत्तर किंवा सॅनिटायझर लावताना अंगठी काढून ठेवा. साबणात बुडवू नका, मऊ कोरड्या फडक्याने पुसा. चांदी उजळायचं रसायन खड्याला लागू देऊ नका. आणि दुरुस्तीला देताना कारागिरासमोर उभं राहून सांगा: आधी खडा काढा, मग आच द्या.

भावाने त्याच कोंदणात आता दुसरा फिरोजा बसवून घेतलाय. चांदी अब्बांचीच आहे. तडा गेलेला तपकिरी खडा अम्मींनी फेकू दिला नाही, तो त्यांच्या सुरमादाणीशेजारच्या डबीत आहे.