चाळीस पौंड हवा

दिवाळीच्या सुट्टीत भाचीने यंदा फटाके नकोत असं जाहीर केलं आणि तिच्या आईचा जीव भांड्यात पडला. फार वेळ नाही. फटाक्यांऐवजी तिला रॉकेट हवं होतं, तेही घरी केलेलं.

सामान अडगळीतच सापडलं. दोन लिटरची थंड पेयाची बाटली, तिच्या तोंडात गच्च बसेल असं रबरी बूच, बुचातून आरपार घातलेला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह आणि दाबाचा काटा असलेला पायपंप. पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटपट्टीने लावले आणि खळ्यात विटा रचून बाटली उलटी उभी केली.

पहिल्या खेपेला ती रिकामीच ठेवली. हलकी बाटली जास्त उंच जाणार, हा भाचीचा हिशेब. काटा चाळीस पौंडांवर आला, बूच सुटलं, फट् आवाज झाला आणि बाटली माडाच्या निम्म्यावरूनच परतली. मग तिने दुसरं टोक गाठलं: गळ्यापर्यंत पाणी. बाटलीने वीतभर उडी मारली आणि आडवी पडून खळं शिंपलं.

तिसऱ्या खेपेला तिसरा हिस्सा पाणी. बूच सुटलेलं मला दिसलंच नाही. मी चिंब भिजलो होतो आणि बाटली माडाच्या शेंड्यावर होती.

रिकाम्या बाटलीत जोर होता, पण फेकायला नुसती हवा, जेमतेम आठ-नऊ ग्रॅम. भरलेल्या बाटलीत फेकायला भरपूर, पण फेकणारी हवा चिमूटभर. थोडं पाणी बाहेर पडताच तिचा दाब संपला. किती वस्तुमान फेकता आणि किती वेगाने, या दोन्हींचा गुणाकार जमायला हवा. ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान’ हे वाक्य मी शाळेत दहा वेळा लिहिलं असेन. त्यात हा गुणाकार आहे हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

“पण मामा, पाणी जमिनीला ढकलतं म्हणूनच ती उडते ना?”

हा प्रश्न बावळट नाही. 1920 साली न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखाने रॉकेटशास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड यांची अशीच थट्टा केली होती: पोकळीत रॉकेट रेटा देणार कशावर? अपोलो 11 चंद्राकडे निघाल्यावर, जुलै 1969 मध्ये, त्या वृत्तपत्राने चूक कबूल केली. आम्हाला एवढा धीर नव्हता. गच्चीच्या कठड्याबाहेर फळी काढली, फळीला भोक पाडलं आणि बाटलीचं तोंड त्यावर ठेवलं. खाली मजलाभर मोकळी हवा. पाणी खळ्यात आपटल्याचा सपकारा आला तेव्हा बाटली केव्हाच वर गेली होती. सारं पाणी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात बाहेर पडतं. जमिनीला शिवायच्या आत त्याचं काम संपलेलं असतं.

मग ढकलतं कोण? आतली हवा बाटलीला सगळीकडून दाबते. डावी-उजवी बाजू एकमेकींचा रेटा रद्द करतात. वर, बाटलीच्या बुडाला मात्र रेटा बसतो आणि त्याच्या समोर, तोंडापाशी, तो झेलायला भिंतच नसते. चाळीस पौंडांना सुरुवातीचा रेटा अंदाजे वीस किलो वजनाएवढा निघतो आणि पाण्यासकट बाटली जेमतेम पाऊण किलोची. म्हणून ती डोळ्याला सापडत नाही.

खरी रॉकेटं इतकी उतावळी नसतात. सॅटर्न 5 चं वजन सुमारे 2,900 टन आणि रेटा सुमारे 3,400 टन. वजन वजा जाता उरतं ते थोडंच, त्यामुळे बाजूचा मनोरा ओलांडायलाच त्याला दहाएक सेकंद लागत. आपलं एलव्हीएम 3 जमिनीवरून उठतं ते केवळ दोन बाजूंच्या घन इंधनाच्या नळकांड्यांवर. मधली द्रव इंधनाची इंजिनं पुढे, उडताना पेटतात. चंद्रयान 3 नेताना ते 640 टनांचं होतं आणि यान चार टनांहूनही कमी. उरलेल्यात बहुतेक इंधनच, आणि त्यातलंही बरंचसं वरचं इंधन उचलण्यासाठी.

भाचीने हे ऐकलं आणि मोठ्या बाटलीच्या डोक्यावर अर्ध्या लिटरची बाटली चिकटवायला घेतली. बूच एकच होतं, ते कोणत्या बाटलीला लावायचं यावर संध्याकाळ गेली.