आधी रेघ, मग अक्षर

एक पेन्सिल घ्या आणि कागदावर 'लोणावळा' लिहा, नेहमीच्या बाळबोध वळणात. आता मोजा, हात कितीदा उचलला? 'ल'चं वळण, त्याची दांडी, काना, वरची मात्रा, मग 'ण', पुन्हा दांडी, पुन्हा काना... आणि शेवटी सगळ्यांच्या डोक्यावरून एक रेघ. एका गावाच्या नावासाठी बारा वेळा तरी हात वर गेला!

आता कल्पना करा, तुमच्या हातात पेन्सिल नाही, बोरू आहे. शेजारी दौत. समोर बसलेला कारभारी भराभर मजकूर सांगतोय आणि दिवेलागणीच्या आत पत्रांचा ढीग उतरवायचाय. प्रत्येक अक्षराला तीन-तीनदा हात उचलत बसलात, तर घोडेस्वार दारात ताटकळणारच.

यावर आपल्या लोकांनी काढलेली युक्ती इतकी साधी आहे की हसू येतं. बाळबोधीत आपण रेघ शेवटी ओढतो. त्यांनी ती आधी ओढली! कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग रेघ, आणि मग तिच्याखाली अक्षरं. कपडे वाळत घालताना आपण आधी दोरी बांधतो, मग एकेक कपडा टाकत जातो, अगदी तसंच. अक्षरांची रूपंही अशी वळवली, मोडली की शक्यतो हात न उचलता एका अक्षरातून दुसऱ्यात घसरता यावं. हीच मोडी, मराठीची स्वतःची धावती लिपी. ती यादवांच्या हेमाडपंतांनी रूढ केली, अशी परंपरा सांगते. शिवकाळात आणि पेशवाईत सगळा कारभार तिच्यावरच चालला.

वेग फुकट मिळत नाही. मोडीनं काय काय सोडून दिलं बघा. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. इकार एकच, उकारही बहुधा एकच. (शुद्धलेखनात गुण गमावलेल्यांनी इथे एक सुस्कारा सोडायला हरकत नाही.) विरामचिन्हं जवळजवळ नाहीत. आणि कहर म्हणजे दोन शब्दांत जागाही नाही! खंडाळ्याच्या घाटातून मालगाडी जावी तशी ओळ जाते, डब्याला डबा जोडलेला.

मग वाचणारा वाचायचा कसा? तर त्याला पुढे काय येणार हे बरंचसं आधीच ठाऊक असायचं. पत्राचा साचा ठरलेला. 'सा. न. वि. वि.' एवढं दिसलं की 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे डोळ्यांना उलगडावं लागतच नसे. मजकूर संपला तिथे मोर्तब उठवायचं, म्हणजे खाली कुणी गुपचूप एक ओळ वाढवायला नको. लेखणी नुसती धावत नव्हती, पहाराही देत होती. आणि तिची प्रतिष्ठा केवढी! चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस या आडनावांतला शेवटचा 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. लोहगडावर बाव बांधणाऱ्या नाना फडणवीसांच्या नावातच लेखणी आहे.

लोहगडावरून खाली उतरून कार्ल्याच्या लेण्यात जाऊ. इथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. एका लेखात 'मामालाहार' असा उल्लेख येतो. म्हणजे मामाल नावाचा मुलूख, आपला मावळच, असं अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी छिन्नी धरून मावळचं नाव कोरलं! ती अक्षरं नीट पाहा. प्रत्येक सुटं, ताठ, आपापल्या जागी उभं. छिन्नीला कसली घाई? दगडाची अक्षरं उभी राहिली, बोरूची पळाली. हत्यार बदललं की अक्षराची चाल बदलते.

पण याच भिंतीवर एक भयंकर गोष्टही लिहिलेली आहे. हे लेख शेकडो वर्षं डोळ्यांसमोर होते आणि ते कुणालाच वाचता येत नव्हते. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी उलगडली तेव्हा कुठे भारतभरचे असे दगड बोलू लागले. अक्षरं पुसली गेली नव्हती. शिकवणारे संपले होते.

मोडीचं काय झालं? तिला तिच्या वेगानंच अडचणीत आणलं. छापखान्याला हवा असतो सुटा खिळा, एक अक्षर म्हणजे एक ठोकळा. हातात हात गुंफून पळणाऱ्या अक्षरांचे ठोकळे करायचे कसे? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेरामपूरला मोडीचे खिळे पाडलेही गेले, पण बाळबोधी खिळ्याला सोपी पडली आणि जिंकली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेत होती, नंतर गेली. संगणकाच्या युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली २०१४ साली. तोवर ज्यांच्या आज्या मोडीत सही करायच्या, त्या नातवंडांना ती सही म्हणजे नक्षी वाटू लागली होती.

मुलांच्या हाताला धावतं लिहायला शिकवावं की नाही, हा वाद आज जगभर आहे. अमेरिकेत २०१० च्या 'कॉमन कोअर' अभ्यासक्रमात जोडून लिहिण्याला जागाच नव्हती. कॅलिफोर्नियानं २०२४ पासून ते कायद्यानं परत आणलं. आपल्याकडे इंग्रजी शाळांत चार रेघी वही अजून आहे. पण हात चालवल्यानं नेमकं होतं काय?

इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स यांनी २०१२ साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. अजून वाचता न येणारी, पाचेक वर्षांची मुलं घेतली. काही अक्षरं त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, काही टिंबांवरून गिरवली, काही नुसतं बटण दाबून उमटवली. मग एमआरआय यंत्रात तीच अक्षरं त्यांना दाखवली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात, ते सर्वांत ठळकपणे जागे झाले हातानं काढलेल्या अक्षरांना! का बरं? कारण, संशोधकांच्या मते, मुलानं काढलेला 'अ' दर वेळी वेगळा वाकडा येतो. या सगळ्या वेड्यावाकड्यांत 'अ'पण कशात आहे, हे मेंदूला शोधावं लागतं. म्हणजे गचाळ अक्षर हीच शिकवणी! हा प्रयोग सुट्या अक्षरांचा होता, जोडून लिहिण्याचा नव्हे, तेव्हा कर्सिव्हचा विजय म्हणून तो मिरवता येणार नाही. हाताची बाजू मात्र तो भक्कम करतो.

मोडीची बाजू आणखी वेगळी आहे. पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल कामशेतला थांबते. बडोद्याची नोकरी १९२५ मध्ये संपवून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई याच गावी येऊन राहिले. पेशवे दप्तराचे रुमालामागून रुमाल उलगडून निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. त्या गठ्ठ्यांतला बहुतेक मजकूर मोडीतला. आपण मराठ्यांचा इतिहास म्हणून जे वाचतो, त्यातलं कितीतरी अशा मोडी वाचणाऱ्या डोळ्यांतून आलंय. आणि हे फक्त इतिहासकारांचं काम नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुनी दप्तरं उघडली आणि मोडी जाणणारी माणसं हुडकावी लागली. पवन मावळात, नाणे मावळात, अंदर मावळात एखाद्या ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचा वाटणीपत्राचा कागद असेलच. भाषा आपलीच, शब्द ओळखीचे, आणि तरी आपण त्याच्यापुढे कार्ल्याच्या भिंतीपुढे उभं राहावं तसे उभे.

म्हणून शाळांनी मोडी पुन्हा शिकवावी का? परीक्षा नको, गुण नकोत. पाचवी-सहावीत कुठेतरी दहा-बारा तास द्या. पुराभिलेख विभागाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडीचे वर्ग भरतात, म्हणजे शिकवणारे आज तरी आहेत. शेवटच्या तासाला एकच गृहपाठ: घरातला एखादा जुना कागद आणा, आणि त्यातला एक शब्द वाचून दाखवा. बहुतेक मुलांना गावाचं नाव सापडेल. किंवा स्वतःचं आडनाव.